दूध 9, शू 6

बाटलीला निदान आकडे असतात हो. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात किती गेलं हे कळणार कसं? आणि रडण्यावरून ओळखावं तर आमची लेक भूक लागली तरी रडायची, झोप आली तरी रडायची आणि मी घेतलं की हमखास रडायची.

जन्माला आली तेव्हा 2 किलो 900, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला तेव्हा 2 किलो 700. दोनशे ग्रॅमसाठी मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, सुरुवातीला उतरतंच, दोनेक आठवड्यांत भरून निघतं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा आणि पाचव्या दिवसापासून निदान सहा लंगोट ओले होतायत का बघा." झालं, मला काम मिळालं.

कराडला सासरी स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं, त्यावरच लिहायला लागलो. दूध 9, शू 6, शी 3. शीचा रंगसुद्धा. दवाखान्यात डांबरासारखी काळी, मग हिरवट, आणि पाचवीच्या दिवशी चक्क पिवळीधमक! मी लंगोट हातात घेऊन "पिवळी झाली, पिवळी!" ओरडत बाहेर आलो तर समोर पाचवीच्या पूजेला आलेल्या चार बायका. सटवाईने रात्री येऊन लेकीच्या कपाळावर काय लिहायचं ते लिहिलं असेल, माझं कॅलेंडरवर चालूच होतं.

सासूबाई म्हणायच्या, "बाळसं डोळ्यांना दिसतं, त्याला वही कशाला लागते?" बरोबर आहे, पण बाळसं धरेपर्यंत जावयाने काय करायचं? शेजारच्या काकूंचं तिसरंच, "दूध पुरत नसेल हिचं, घुटी द्या, पाणी पाजा." डॉक्टरांनी तर सहा महिने पाण्याचा थेंबही नको म्हणून बजावलेलं. त्या रात्री बायको भिंतीकडे तोंड करून रडली. काकूंचा राग मला अजून येतो.

मग मी माळ्यावरचा वजनकाटा काढला. तिला घेऊन उभा राहिलो, तिला ठेवली, जरा वेळाने एकटा उभा राहिलो, वजाबाकी केली. 2 किलो 500! हातपाय गार पडले. बायकोने शांतपणे विचारलं, "मधे डिंकाचे लाडू किती खाल्लेस?"

तीन.

चौदाव्या दिवशी दवाखान्याच्या काट्यावर 3 किलो 20 ग्रॅम भरली. मी तिथल्या सिस्टरना पेढे दिले, त्यांनी बहुतेक मुलगी आजच झाली समजून अभिनंदन केलं.

महिनाअखेरीला दूधवाला आला. सासऱ्यांनी चष्मा लावला, कॅलेंडर खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं, बोटाने बेरीज करत बसले, पुन्हा पहिल्यापासून केली आणि मग आत बघून ओरडले, "अगं, रोज नऊ-नऊ दहा-दहा लिटर दूध? पितंय कोण एवढं या घरात?"