थोर कादंबरीचा कंटाळा आल्यास काय करावे

एखादी कादंबरी थोर आहे आणि ती वाचताना आपण कमालीचे कंटाळलो, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. परंतु ठाण्याच्या नौपाड्यातल्या कोणत्याही सुसंस्कृत दिवाणखान्यात ती एका दमात उच्चारू नयेत, असा माझा कळकळीचा सल्ला आहे. न वाचता गोडवे गाणाऱ्याला आपल्याकडे रसिक म्हणतात आणि न वाचता नावे ठेवणाऱ्याला बंडखोर. पण शेवटच्या पानापर्यंत जाऊन, थोरवी मान्य करून, वर ‘मला मात्र पुन्हा नको’ असे सांगणाऱ्याला काय म्हणावे हे अद्याप ठरलेले नसल्यामुळे त्याच्यापर्यंत चहासुद्धा उशिरा पोचतो.

म्हणून पहिला उपाय, शेवटपर्यंत न जाणे. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, तेव्हा पुस्तक मिळाले नाही ही सबब चालणार नाही. मात्र कोणत्याही ग्रंथालयातली जाडजूड अभिजात कादंबरी घ्यावी आणि मिटून तिची कड उजेडात धरावी. सुरुवातीची करंगळीएवढी जाडी बोटांच्या घामाने काळवंडलेली आणि मऊ पडलेली दिसते. मग एक रेष येते आणि तिच्यापलीकडची पाने इतकी करकरीत असतात की काही अजून एकमेकांना चिकटलेलीच आहेत. त्या रेषेवर रसिकांच्या कित्येक पिढ्या विसावल्या आहेत. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के मात्र दाटीवाटीने उमटलेले असतात, आणि लोकप्रियता सिद्ध करायला तेवढे पुरते.

निवड करताना जाडीला प्राधान्य द्यावे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) टाळावी, कारण ती इतकी आटोपशीर आहे की समोरच्याने ती खरोखरच वाचलेली असण्याचा धोका संभवतो. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) त्या मानाने सोयीची. तिच्यातल्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांच्या पेरणीवर अर्धा तास सहज निघतो. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’चा उल्लेख गंभीर चेहऱ्यानेच करावा, आणि ती १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने वाचकांच्या हाती पडत होती, हे चारचौघांत काढू नये. (नायिका यमूच्या केशवपनाचा प्रसंग आजही अंगावर येतो, आणि तिथे पोचेपर्यंत मी अनेकदा घड्याळाकडे पाहिले, हे मी वाचूनच सांगतो आहे, पण माझे हे वर्तन अनुकरणीय नाही.)

नेमकी तक्रार तर कधीच करू नये. टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’च्या उपसंहाराच्या दुसऱ्या भागात सगळी पात्रे गायब होतात आणि इतिहास व इच्छास्वातंत्र्य यांवर प्रवचन सुरू होते, मेलव्हिलच्या ‘मोबी डिक’मध्ये (१८५१) कथानक थांबवून देवमाशांची पुस्तकांच्या आकारांप्रमाणे वर्गवारी लावणारे एक अख्खे प्रकरण आहे. या दोन्ही ठिकाणी जांभई येणे स्वाभाविक आहे, परंतु ती बोलून दाखवली की आपण तिथवर पोचलो होतो हे उघड होते, आणि पुढच्या रविवारी घोडबंदर रोडवरून कोणीतरी आपल्याला ते पुस्तक समजावून सांगण्यासाठी मुद्दाम गाडी काढून येतो. ज्यांनी ही पुस्तके उघडलेलीच नाहीत, त्यांच्याकडून अशी तक्रार येत नाही, हे ध्यानात घ्यावे.

यावर कोणी टॉलस्टॉयचाच दाखला देईल. शेक्सपिअर त्याने रशियन, इंग्रजी आणि जर्मन भाषांतून वारंवार वाचला, पंचाहत्तरीत पुन्हा वाचून काढला, आणि आपल्याला कंटाळा व तिटकारा आला असे १९०६ साली छापून तो मोकळा झाला. पण त्याने कंटाळ्याबरोबर आदरही निकालात काढला, त्यामुळे त्याचे काम सोपे झाले. आपली अडचण त्याच्याहून बिकट आहे, कारण आपल्याला आदर पूर्णपणे शाबूत ठेवायचा आहे आणि पुस्तक मात्र पुन्हा हातात धरायचे नाही.

यासाठी पुस्तक भेट देण्यासारखा दुसरा तोडगा नाही. साडूच्या सेवानिवृत्तीला द्यावे, भाचीच्या दहावीच्या निकालाला पेढ्यांबरोबर द्यावे. घरातली जागा मोकळी होते आणि अभिरुचीचा लौकिकही वाढतो. फक्त पहिल्या पानावर शुभेच्छा लिहिताना भाचीच्या प्रतीवर ‘वाचून नक्की कळव’ असे लिहू नये, कारण दहावीनंतरच्या सुट्टीत मुलांना भरपूर वेळ असतो.