‘भट्टीत तापवले की स्फटिक पूर्ववत होतो’ या समजाचा प्रतिवाद

सेमीकंडक्टर उद्योगाची चर्चा वाढल्यापासून एक मजकूर सर्रास पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आयन रोपण म्हणजे सिलिकॉनच्या वेफरवर (स्फटिकाच्या पातळ चकतीवर) अपद्रव्याचा, म्हणजे मुद्दाम मिसळलेल्या बोरॉन किंवा आर्सेनिकसारख्या परक्या मूलद्रव्याचा, पातळ लेप चढवणे, त्यात स्फटिकाला पडलेले ओरखडे तापवल्यावर भरून येतात, आणि तापमान जितके जास्त, तितकी दुरुस्ती चांगली. हा मजकूर विद्यार्थीही खरा मानून चालतात, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवे.

लेपाची कल्पना मुळातच चुकीची आहे. आयन रोपणात आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, वेगाने वेफरच्या आत घुसवले जातात. 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा बोरॉन आयन सिलिकॉनमध्ये सरासरी 300 नॅनोमीटर खोल जाऊन थांबतो, त्यामुळे बोरॉनचे प्रमाण पृष्ठभागावर नव्हे, तर त्याच्या खाली सर्वाधिक असते. स्फटिकात अणूंच्या रांगांमध्ये मोकळ्या वाटा असतात आणि त्यांत शिरलेला आयन याहूनही खोल जातो. ते टाळण्यासाठी वेफर साधारण 7 अंशांनी कलता ठेवण्याची पद्धत आहे.

दुसरा मुद्दा ओरखड्यांचा, आणि खरा घोटाळा इथेच आहे. सिलिकॉनचा अणू जागेवरून उडवायला सुमारे 15 इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, तर आर्सेनिकचा आयन हजारो घेऊन येतो. कॅरमच्या पहिल्या फोडीत सोंगट्या एकमेकींना ढकलत विखुरतात, तसे एका आयनामागे शेकडो अणू विस्थापित होतात. चौरस सेंटिमीटरला 10¹⁴ च्या आसपास आर्सेनिक आयन गेले की वरचा थर स्फटिक उरतच नाही, तो काचेसारखा अस्फटिकी होतो. आरशासारख्या वेफरवर असा भाग किंचित दुधाळ दिसतो.

पण गंमत अशी की पूर्ण मोडलेला हा थर अर्धवट मोडलेल्या थरापेक्षा सहज सावरतो. खालचा अभंग स्फटिक साचा पुरवतो आणि 550 अंश सेल्सिअसला मिनिटाला सुमारे 10 नॅनोमीटर या गतीने रचना तळापासून वर पुन्हा जुळत येते. अर्धवट बिघडलेल्या थराला मात्र 900 ते 1000 अंश लागू शकतात. शिवाय पहिल्या बाबतीतही अस्फटिकी थराची जिथे सीमा होती, तिच्या जरा खाली विस्थापित अणूंची वेटोळी उरतात. त्याला ‘पूर्ववत’ म्हणता येत नाही.

‘जास्त तापमान, जास्त चांगले’ हेही टिकत नाही. बोरॉन रोपलेल्या सिलिकॉनमध्ये 500 ते 600 अंशांच्या दरम्यान विद्युतदृष्ट्या सक्रिय (वीजवहनाला उपयोगी पडणारा) बोरॉन वाढण्याऐवजी घटतो. पुढे तापवताना सुटे झालेले सिलिकॉन अणू बोरॉनला नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने पसरवतात आणि बोरॉनच्या भागाची नेमकी आखलेली सीमा पुसट होते. म्हणूनच सुमारे 1050 अंशांपर्यंत झटकन नेऊन एखाद्या सेकंदात खाली आणण्याची पद्धत रूढ झाली. गॅलियम आर्सेनाइड हा दुसरा सेमीकंडक्टर उघडा तापवला तर पृष्ठभागावरून आर्सेनिकच उडून जाते. त्यावर आधी सिलिकॉन नायट्राइडचे आवरण चढवावे लागते.

उष्णता नेहमी सांधतेच, हे गृहीतक तर हायड्रोजन पूर्णच खोटे पाडतो. भरपूर हायड्रोजन रोपलेला वेफर 400 ते 600 अंशांना तापवला की आत वायू साठून पृष्ठभागावर सूक्ष्म फोड उठतात. वर दुसरा वेफर घट्ट जोडलेला असेल, तर फोडांऐवजी रोपणाच्या खोलीवर सलग भेग जाते आणि अखंड पातळ थर सुटून त्या दुसऱ्या वेफरवर जातो. फ्रान्समध्ये मिशेल ब्रुएल यांनी 1991 साली याच तडकण्यावर पद्धत उभी केली आणि विद्युतरोधक थरावरचे सिलिकॉन वेफर आज तिने तयार होतात.