फ्रिक्वेन्सी कोणाच्या बापाची?

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार-रविवार आला की आमच्या घरात दोनच प्रकारची माणसं उरतात: मी आणि माझ्याशी न बोलणारी. सीक्यू वर्ल्ड वाइड ही हॅम रेडिओची, म्हणजे हौसेखातर बिनतारी संच चालवणाऱ्यांची स्पर्धा शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते ती सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. 48 तासांत जगभरच्या जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायचं. बोलायचं म्हणजे 'पाच-नऊ, बावीस' एवढंच. पाच-नऊ म्हणजे तुमचा आवाज खणखणीत येतोय. बावीस हा आपला झोन, म्हणजे जगाच्या नकाशावरचा आपल्या विभागाचा आकडा. सगळ्यांना सरसकट पाच-नऊच द्यायचे. त्यामुळे "तुम्ही पाच-नऊ, कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) परत सांगा, काही ऐकू येत नाही," हे आम्हाला विसंगत वाटत नाही. (2019 साली लक्ष्मीपूजन नेमकं त्याच रविवारी आलं. सोसायटीभर लागलेल्या एलईडी माळांची रेडिओत येणारी खरखर मात्र खरोखर पाच-नऊ होती.)

आता फ्रिक्वेन्सी कोणाच्या मालकीची नसते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेवर असतो तेवढाच तिच्यावर हक्क. बसण्याआधी 'फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?' असं विचारायची रीत आहे. लोक विचारतातही. फक्त उत्तरासाठी थांबत नाहीत. आवाजाला साधारण अडीच किलोहर्ट्झ जागा लागते. शेजारी येणारे महाशय एका किलोहर्ट्झवरच टेकतात, म्हणजे अर्धे आपल्या मांडीवर. स्पर्धेतल्या जास्त ताकदीच्या गटाला 1500 वॉटची मुभा, माझा सेट 100 वॉटचा. सरका म्हणून सांगणार तरी कुठल्या तोंडाने?

त्याहून वैताग स्वयंघोषित पोलिसांचा. कोणी चुकून मध्ये बोललं की हे चौघे मिळून 'गप्प बसा' म्हणून ओरडतात, आणि मूळच्याने तासाभरात केला नसता एवढा गोंधळ मिनिटात करतात. पॉल सीगल नावाच्या गृहस्थांनी 1928 सालीच हॅमसाठी आचारसंहिता लिहून ठेवली: जाणूनबुजून दुसऱ्याचा विरस करू नये. आमच्या बँडवर (हॅमना दिलेल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यावर) आजवर कोणी काही जाणूनबुजून केल्याचं ऐकिवात नाही.

एका रविवारी संध्याकाळी 20 मीटरच्या बँडवर युरोप छान उघडला होता, म्हणजे तिकडचे आवाज स्वच्छ येत होते. मला बऱ्यापैकी मोकळी जागा मिळालेली, इटलीवाले रांगेत. एवढ्यात त्यांतला एक म्हणाला, "थांबा, तुमच्याच खाली आणखी एक व्हीयू बोलतोय." व्हीयू म्हणजे भारतीय. मी कान टवकारले. चिटपाखरू नाही. पुढच्यानेही तेच सांगितलं, वर कॉलसाइनही दिला. निघाले नागपूरचे ओळखीचे काका!

मी फोन लावला. "काका, तुम्ही माझ्या फ्रिक्वेन्सीवर बसलाय."

"काय सांगून राहिला भाऊ! मी दुपारपासून इथंच आहो. तीनदा विचारलं, कोणीच बोललं नाही."

ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत. पुण्याहून निघालेली लहर संध्याकाळी वर आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला धडकते आणि उतरते ती हजार-दोन हजार किलोमीटर पलीकडे. नागपूर तिच्या उडीखाली राहतं. म्हणजे आम्ही दोघं एकमेकांना बहिरे, आणि मिलानमध्ये मात्र एकमेकांच्या उरावर. बरं, या स्पर्धेत दुसऱ्या खंडातल्या स्टेशनाचे तीन गुण, आपल्या देशातल्याचा शून्य. तेव्हा एकमेकांशी बोलून समजूत काढण्यात व्यवहारही नाही.

"मग सरकता का थोडे?" मी विचारलं.

"अरे, तू लहान आहे. तूच सरक ना."

नियमपुस्तकात वयाचं कलम नाही. तरी मी पाच किलोहर्ट्झ वर सरकलो. तिथे एक रशियन दीड किलोवॅट घेऊन बसलेला होता. रात्री काकांचा मेसेज आला: 'या खेपेला फ्रिक्वेन्सी एकदम शांत मिळाली. तू दिसला नाहीस, कुठं होता?'