सर्कस म्हणजे विदूषक नव्हे हो!

आज सकाळपासून तिसऱ्यांदा तेच चित्र समोर आलं. वर लाल नाकाचा विदूषक, खाली मजकूर: 'रोमन सम्राटांनी जनतेला ब्रेड आणि सर्कस देऊन झोपवलं.' अरे, विदूषक कुठून आला त्यात? रोमन कवी जुवेनालनं 'ब्रेड आणि सर्कस' असं लिहिलं तेव्हा सर्कस म्हणजे रथांच्या शर्यतीचं मैदान. विदूषकवाली सर्कस 1768 नंतरची, लंडनच्या अ‍ॅस्टली नावाच्या घोडेस्वाराची. (आपले विष्णुपंत छत्रे सर्कशीत 1880 मध्ये उतरले. हे दोघंही मुळात घोड्यांचे जाणकार, रोमन शर्यतींशी एवढंच काय ते नातं.)

आणि 'झोपवलं'? थोरला प्लिनी या रोमन लेखकानं एक नोंद दिलीय. सारथ्यांचे संघ रंगावरून ओळखले जायचे; त्यातल्या लाल संघाचा सारथी फेलिक्स गेला, चिता पेटली, आणि त्याच्या एका चाहत्यानं त्या चितेत उडी घेतली. झोपलेली माणसं चितेत उड्या घेतात होय?

ते काय बघायला जात होते तेवढं तरी बघा. किर्कुस माक्सिमुस, म्हणजे रोममधलं रथशर्यतीचं मैदान, लांबी 600 मीटरच्या वर. रथ सोडायची 12 दारं, तीही सरळ रेषेत नाहीत, तिरप्या कमानीत. कारण सगळ्यांना मधल्या कठड्याच्या उजव्या अंगाला शिरायचं. दारं सरळ बांधली असती तर काहींना आयतं अंतर वाचलं असतं. शिवाय कुणाला कुठलं दार, ते चिठ्ठ्या टाकून. शर्यतीच्या अध्यक्षानं पांढरा रुमाल टाकला की दारं एकदम उघडायची. पांढऱ्या रेषेपर्यंत आपली वाट सोडायची नाही, पुढे मोकळं रान. डावीकडे वळत 7 फेरे. प्रेक्षकांना मोजता यावेत म्हणून कठड्यावर लाकडी अंडी आणि डॉल्फिन.

रथाला चार घोडे. मधले दोन जुवाला, कडेचे दोन नुसत्या दोरावर. खरी मदार डाव्या कडेच्या घोड्यावर. वळणावर त्यानं आखडायचं, उजव्या कडेच्यानं लांब ढांगा टाकायच्या. डावा फार आत घुसला तर चाक थेट कठड्याच्या टोकाच्या खांबावर. बिचकून बाहेर सरला तर रथ लांबून वळणार आणि मागचा आतून निघून जाणार. लगाम सारथ्याच्या कमरेला गुंडाळलेले, अंगाचा भार टाकून ओढता यावेत म्हणून. पण रथ उलटला की तेच लगाम त्याला फरपटत नेणार. म्हणून पट्ट्यात वाकडी सुरी. वेळेत हाताला लागली तर! अशा अपघाताला रोमन लोक 'जहाज फुटलं' म्हणायचे.

दिओक्लेस नावाचा सारथी 24 वर्षं टिकला. 4257 शर्यती, 1462 विजय. तिनातल्या जवळजवळ दोन हरूनही तो तिथला दिग्गज. कसली विदूषकी घेऊन बसलाय!

बरं, प्रवेश फुकट होता, पैसा सम्राट ओतायचे, मान्य. 532 मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलात, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीत, निळ्या आणि हिरव्या संघांचे चाहते एक झाले, अर्धं शहर जाळलं आणि हजारो मेले, हेही मान्य. पण सम्राट जस्टिनियन पळायच्या बेतात होता तेव्हा. जनतेला झोपवायचं औषध म्हणे!

धाकटा प्लिनी मात्र नाक मुरडतो. म्हणे, हे लोक घोड्यांसाठी नाही, कापडाच्या रंगासाठी ओरडतात. शर्यत चालू असताना रंग बदलले तर निष्ठाही बदलतील. मला त्याचा राग यायचा. पण आता लिहिता लिहिता वाटतंय, रंगाचं तो अगदीच खोटं बोलत नाही. फक्त त्यानं मामाचंच पुस्तक परत उघडायला हवं होतं, कारण थोरला प्लिनी त्याचा सख्खा मामा. फेलिक्सच्या त्या चाहत्यानं जीव दिला तेव्हा विरुद्ध रंगवाल्यांनी काय केलं, तेही मामानंच लिहून ठेवलंय. मेलेल्या सारथ्याच्या नावावर एवढीही कीर्ती जमा होऊ नये म्हणून ते सांगत सुटले, की त्यानं उडीबिडी काही घेतली नाही, चितेवरच्या सुगंधी द्रव्यांचा वास डोक्यात गेला आणि भोवळ येऊन पडला!