एकाच तंतूवर दोन्ही दिशा

फायबर इंटरनेटवरच्या एका लेखात म्हटलंय की घरापर्यंतच्या फायबरला, म्हणजे प्रकाशावर डेटा नेणाऱ्या काचेच्या तारेला, जायला एक आणि यायला एक असे दोन तंतू लागतात. जीपॉनमध्ये, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटून देणाऱ्या पद्धतीत, तसं नाही. तंतू एकच, घराकडे खाली येणारा डेटा १४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर, घरातून वर जाणारा १३१० वर.

खरी कल्पकता वरच्या दिशेत आहे. खाली येणारं सगळ्यांनाच पोचतं, प्रत्येक मोडेम आपलं तेवढं उचलतो. पण वर जाताना एका स्प्लिटरवरची (एका तंतूचे अनेक फाटे करणाऱ्या डबीवरची) ३२ घरं एकदम बोलली तर सगळाच गोंधळ. १९७१ च्या हवाईतल्या अलोहानेट या रेडिओ नेटवर्कमध्ये टक्कर झाली की थोडं थांबून पुन्हा पाठवायचे. त्या पद्धतीत तत्त्वतःसुद्धा जेमतेम १८ टक्के क्षमता हाती लागते. जीपॉनमध्ये कंपनीच्या एक्सचेंजमधलं यंत्र आधी प्रत्येक मोडेमचं अंतर मोजतं, मग बोलायची वेळ नेमून देतं. म्हणूनच एखाद्या बिघडलेल्या मोडेमचा लेझर चालूच राहिला, तर त्या स्प्लिटरवरची सगळी घरं बंद पडू शकतात.

आपल्या वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत ही वायर खिळ्यावरून काटकोनात वळवलेली दिसते. कृपा करून असं करू नका. वाकण्याचा फटका १३१० पेक्षा १४९० च्या प्रकाशाला जास्त बसतो. पॉवर मीटर (प्रकाशाची ताकद मोजणारं यंत्र) १४९० वर ठेवून बघा: उणे १५ ते उणे २५ डीबीएम (ताकदीचं एकक) ठीक, उणे २७ च्या खाली गेलं की कनेक्शन तुटत राहणार. ३ डीबी कमी म्हणजे प्रकाश निम्मा. आणि वायरीचं हिरवं टोक (कनेक्टर) निळ्या सॉकेटमध्ये खुपसू नका. हिरव्याचं तोंड ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं, म्हणून मध्ये फट राहते.