चौथ्यांदा तोच कागद!

अमिरातीतल्या शाळेत शिकवायला जायचे, तर पदवीवर आधी राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि शेवटी त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो, हे आम्हा दोघांना मान्य आहे. पण त्यासाठी पैसे मोजलेला दलाल तोच कागद चौथ्यांदा मागतो, तेव्हा डोके फिरते. निघण्यापूर्वी कोल्हापूरहून मालवणपर्यंत गाडीने निवांत जायचे, एवढीच आमची हौस होती. करूळ घाटात धुके उतरले होते, हिने थर्मासमधला चहा नुकताच ओतला होता आणि फोन वाजला, की माहेरच्या नावाचे प्रतिज्ञापत्र पुन्हा पाठवा. तीनदा पाठवलेला कागद जातो तरी कुठे? कणकवलीत झेरॉक्सचे दुकान शोधण्यात दुपार गेली आणि मालवणला पोहोचेपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद झाल्या होत्या.