उपवासकाळ अंगाला न लावता कसा पाळावा

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की श्रद्धावंतांची तारांबळ उडते. काय सोडायचं, किती सोडायचं आणि मुख्य म्हणजे सोडलंय हे कोणाकोणाला कळवायचं? घाबरू नका. चर्चचा कायदा नीट वाचलात तर उपवासकाळात एक किलोसुद्धा वजन न घटवता पार पडता येतं. फक्त वाचताना डोळसपणा हवा, आणि तो आपल्याकडे इतर कागदपत्रांच्या बाबतीत असतोच.

आधी दिवसांचा हिशेब. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर 46 दिवस भरतात. त्यातले 6 रविवार वजा केले की 40. म्हणजे रविवारी तुम्ही मोकळे. आता उपासनेच्या दृष्टीनं रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू होतो, म्हणून तर शनिवारची संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) रविवारची धरतात. तेव्हा चॉकलेट सोडलं असेल तर शनिवारी सहानंतर फ्रिज उघडायला हरकत नाही. कोणी टोकलं तर ‘उपासनाशास्त्र’ असा शब्द जरा जोरात उच्चारावा. समोरचा गप्प बसतो.

खरा सक्तीचा उपास वर्षातून दोनच दिवस: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही वयाची 18 पूर्ण केलेल्यांना. नियम असा की दिवसात एकदा पोटभर जेवायचं आणि दोनदा थोडंसं खायचं. ही दोन थोडकी खाणी मिळून एका जेवणाइतकी होऊ नयेत, असा त्याचा रूढ अर्थ. इथंच बहुतेकजण चुकतात. पोटभर जेवणच ते आखडतं घेतात, त्यामुळे थोडकंही फारच थोडकं राहतं. गणित उलटं करा. मुख्य जेवण जितकं भरभक्कम, तितकी बाकीच्या दोन खाण्यांची मर्यादा वर सरकते. दुपारी बुफे गाठलात तर सकाळी चार आणि संध्याकाळी चार इडल्या आरामात नियमात बसतात.

हेच तंत्र 14 फेब्रुवारीला उपयोगी पडतं. 2018 आणि 2024 मध्ये राखेचा बुधवार नेमका व्हॅलेंटाइन डेला आला होता, 2029 मध्ये पुन्हा येतोय. प्रेमात पडलेल्यांनी ते एकमेव पोटभर जेवण रात्रीसाठी राखून ठेवावं, टेबल आधी सांगून ठेवावं आणि मासळीच मागवावी. मेणबत्ती तर आपल्या धर्मात निषिद्ध नाहीच.

मासळीवरून आठवलं, शुक्रवारचा विषय जरा सविस्तर घ्यायला हवा. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. हेतू असा की श्रीमंतांच्या पानातलं काढून गरिबाच्या पानासारखं साधं जेवावं. पण हेतू हेतूच्या जागी. वर्ज्य आहे ते मांस, मासे नव्हेत. 1966 साली पोप सहावे पॉल यांनी नियमांची नवी मांडणी केली तेव्हा अंडी, दूधदुभतं आणि प्राण्यांच्या चरबीपासून केलेली तोंडीलावणीसुद्धा मोकळी ठेवली. त्यामुळे वसईच्या माणसानं शुक्रवारी सकाळी लवकर उठून बाजार गाठावा. पापलेट मोठंच घ्यावं, कोळंबी टायगर असावी आणि शेवंड मिळाली तर भाव विचारून वेळ घालवू नये, कारण मागं दुसरा ख्रिस्ती उभा असतो. सुकट आणि बोंबील टाळावेत. त्यांनी साधेपणाचा आभास होतो आणि पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. या सगळ्याचा खर्च बुधवारच्या चिकनपेक्षा बराच जास्त होईल. तोच तुमचा त्याग समजावा.

ज्यांना मासे आवडत नाहीत त्यांनी 2027 ची वाट पाहावी. त्या वर्षी संत योसेफाचा सण, 19 मार्च, शुक्रवारी येतो. मोठा सण शुक्रवारी आला की मांसाची बंदी उठते. कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा. बाकी प्रार्थनेच्या तारखा मागाहून लिहिता येतील.

कम्युनियनपूर्वीचा, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर घेण्यापूर्वीचा, एक तासाचा उपासही लोकांना उगाच जड जातो. तो तास मिस्सा सुरू होण्याआधीचा नसून कम्युनियन घेण्याआधीचा आहे. फादरांचं प्रवचन लांबणारं असेल तर चर्चच्या पायऱ्यांवर वडापाव संपवूनही तुम्ही काटेकोर ठरता. पाणी आणि औषध तर केव्हाही चालतं.

आता राख, बुधवारी मिस्सेत कपाळावर क्रुसाच्या खुणेनं लावतात ती. ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळून करतात. फोटोत छान येते. गोरेपणाची पावडर आधी लावलीत तर क्रूस उठून दिसतो. फोटो मात्र मिस्सा संपल्यावर लगेच काढावा; फेब्रुवारीतही दुपारपर्यंत घाम येतो आणि क्रूस भुवईत उतरतो. एकच अडचण आहे. त्याच मिस्सेत बायबलमधला मत्तयचा सहावा अध्याय वाचतात. उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका, असं प्रभू तिथं स्पष्ट सांगतो. नेमकं राख लावण्याच्या काही मिनिटं आधी! हा भाग येतो तेव्हा मोबाइलची बॅटरी तपासण्यात गुंतून राहावं.

मोबाइल सोडण्याची प्रथा अलीकडं फार वाढली आहे. पद्धत अशी: बुधवारी जांभळ्या पार्श्वभूमीवर जाहीर करायचं की चाळीस दिवस मी इथं नसेन. मग दर दोन तासांनी येऊन पाहायचं, किती जणांना वाईट वाटलं. प्रतिक्रिया देणाऱ्यांना उत्तर न देणं हे उद्धटपणाचं असल्यामुळे तेवढी सूट घ्यावी. चाळीस दिवसांत आलेले आध्यात्मिक अनुभव रविवारी टाकावेत, कारण रविवार मोजणीत नाही.

दानाचं पाकीट घरात येतं तेव्हा ते देवघराजवळ उभं करून ठेवावं. उपासामुळं जे वाचलं ते त्यात टाकायचं असतं. शेवंडीच्या हिशेबानं काही वाचलेलं नसतं, उलट तुम्हीच पाकिटातून उसने घ्यायला हवेत; पण चर्चला त्रास नको म्हणून झावळ्यांच्या रविवारी सुट्टे शोधून पाकीट चिकटवावं. डिंक भरपूर लावावा.

पहिले दोन शुक्रवार मात्र धोक्याचे. राखेच्या बुधवारनंतर लगेचच्या शुक्रवारी यशयाचा 58वा अध्याय वाचतात. संदेष्टा म्हणतो, उपासाच्या दिवशीसुद्धा तुम्ही आपल्या कामकऱ्यांना राबवता, आणि खरा उपास म्हणजे भुकेल्याला आपल्यातली भाकरी देणं. ज्यांच्याकडं भांडी घासणाऱ्या मावशींनी गुड फ्रायडेची रजा मागितलेली आहे त्यांनी त्या दिवशी मिस्सेला जाणं टाळावं. पुढच्या शुक्रवारी प्रभूचा शब्द त्याहून अवघड: भावाचं तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन समेट कर. आमच्याकडं सातबारावर चार भावांची नावं, बांध दोन फूट सरकलेला आणि मधलं बावखल (जुनं तळं) भराव टाकून बुजवलेलं. अशा वेळी समेट म्हणजे वकिलाची फी वाया. त्यापेक्षा क्रुसाची वाट ही प्रार्थना करावी. येशूच्या अखेरच्या वाटेची चौदा स्थानकं, भाऊ पुढच्या गटात असला तरी नजर क्रुसावर ठेवता येते.

गुड फ्रायडेआधीच्या पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात; त्यांत नाव आलं तर आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन यावं. गुड फ्रायडेला मिस्सा नसतेच, शिवाय तो सक्तीच्या मिस्सेचा दिवसही नाही. चुकणारच काय? तीन दिवसांची सुट्टी सलग येते, लोणावळ्याचं आरक्षण जानेवारीतच करावं. हॉटेलात शाकाहारी थाळी मागवली की उपासही झाला आणि सहलही.

कन्फेशन, म्हणजे फादरांपुढं पापांची कबुली, वर्षातून एकदा तरी करायचं असतं. ते शेजारच्या धर्मग्रामात (दुसऱ्या चर्चच्या हद्दीत), आवाज न ओळखणाऱ्या फादरांकडं, पवित्र आठवड्यातल्या सगळ्यात मोठ्या रांगेत उभं राहून करावं. मागं चाळीस माणसं असली की फादर खोलात जात नाहीत. चिडलो, एकदा मिस्सा चुकली, मुलांवर ओरडलो, एवढं पुरे. बांधाचा विषय महसूल खात्याचा आहे, तो तिथं काढू नये.

आणि वयाची 59 पूर्ण झाली, साठावं लागलं की उपासाची सक्ती संपते. मांसाची बंदी मात्र वयाची 14 पूर्ण झाल्यापासून जन्मभर राहते, हे सोयीनं विसरता येतं. तोवर इतरांचे उपास तपासण्याइतका अनुभव गाठीशी आलेला असतो. धर्मग्रामाच्या समितीत जागा रिकामी आहे का, तेवढं विचारून ठेवा.